एकटी तंदुरुस्त

त्या उन्हाळ्यात पाणी इतकं आटलं की गवंड्याने थापी धुऊन-पुसून खुंटीला टांगली. सिमेंट कालवायला पाणी नाही, मग भिंती बांधायच्या कशाने, थुंकीने? असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचा आणि स्वतःच हसायचा. चार-आठ दिवसांत हसणंही आटलं. मग तो ओट्यावर बसून समोरच्या घराची भिंत कुठे कुठे वाकडी आहे ते बघत राहायचा. ती भिंत त्यानेच बांधली होती.

घरात मिळवतं माणूस आता एकच उरलं, त्याची बायको. गावाबाहेर अपंग मुलांची शाळा होती, तिथे ती मावशी म्हणून कामाला होती. मुलांना टेम्पोतून उतरवायचं, खुर्चीत बसवायचं, खुर्चीतून उचलून संडासात न्यायचं, धुवायचं, पुसायचं, परत खुर्चीत, खुर्चीतून चटईवर, चटईवरून पुन्हा खुर्चीत. शिकवायचे गुरुजी; पण मूल शिकायला जिथे बसणार तिथपर्यंत त्याला पोचवायचं काम मावशीचं. सगळं गावच तिला मावशी म्हणायचं. त्यामुळे कधी कधी नवऱ्याच्या तोंडूनही 'मावशी' निघून जायचं, आणि मग दोघंही थोडा वेळ दुसरीकडे बघायची.

शाळेच्या आधी पाणी. वरचा पंप कोरडा पडला होता, म्हणून खालच्या पंपावर जायचं, आणि येताना चढण. दोन्ही हातांत कॅन घेऊन ती चढायची. पुढे सासू. सासू अंगाने काठीसारखी आणि काठीइतकीच सरळ. डोक्यावर भरलेला हंडा, हात मोकळे, आणि तोंड त्याहून मोकळं.

"सूनबाई, खाली वाकून काय चालतेस? काही पडलंय का?"

"नाही आई. पाय कुठे पडतोय ते बघते."

"अंगालाच लागलेला आहे तो तुझ्या. तुला सोडून कुठे जातोय?"

मावशीच्या कमरेत डाव्या बाजूला, अगदी खाली, एक जागा होती. तिथे कुणीतरी खिळा ठोकून त्याच्यावर ओला कोट टांगलाय असं वाटायचं. सकाळी कोट हलका असायचा. दुपारपर्यंत त्याचे खिसे भरायचे. कपड्यांच्या आत ती रुंद पट्टा आवळून बांधायची, आणि धुतल्यावर तो नवऱ्याच्या सदऱ्याखाली वाळत घालायची, म्हणजे दिसायला नको. हे दुखणं तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. तिच्या आधीच्या मावशीने सांगितलं होतं. तिला "आराम करा" असं फार प्रेमाने म्हणाले होते, आणि ती अजून आरामच करत होती.

मग एक दिवस टेम्पोचा ड्रायव्हर दारातच अडकला. राणीसाहेबांना उतरवत होता, आणि वाकला तो वाकलेलाच राहिला. राणीसाहेब म्हणजे शाळेतली सगळ्यांत मोठी मुलगी, चौदा वर्षांची. हातपाय ताठ, मान डुगडुगती, वजन भरपूर आणि रुबाब त्याहून जास्त. शाळेतल्या दुसऱ्या, धाकट्या मावशीने धावत येऊन तिला झेललं. ड्रायव्हर मात्र टेम्पोच्या पायरीला धरून काटकोनात उभा. मुलांना वाटलं नवा खेळ आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि ज्यांना टाळ्या वाजवता येत नव्हत्या ती ओरडली. ड्रायव्हरने तशा अवस्थेतही हसून मान हलवली. मुलांची निराशा करायची नाही, असा शाळेचा नियमच होता.

ही गोष्ट संस्थेच्या अध्यक्षांपर्यंत गेली. अध्यक्ष मनाने चांगले होते, त्यामुळे धोका जास्त होता. ते म्हणाले, "मुलांची तपासणी दर महिन्याला होते. कर्मचाऱ्यांची एकदाही नाही? हे बरोबर नाही. सगळ्यांना तपासा." इथपर्यंत सगळ्यांचे डोळे पाणावले. मग ते म्हणाले, "जे फिट नसतील त्यांचा विचार करावा लागेल." डोळे लगेच कोरडे झाले.

स्वयंपाकघरात चहाला सगळे जमले, तर कुणी बसेना. बसलं की उठताना आवाज होतो.

"मला तर बाबा काही नाही," गुरुजी भिंतीला टेकून म्हणाले. त्यांच्या गुडघ्यांचा आवाज वर्गाबाहेर ऐकू यायचा. जमिनीवर बसून मुलांचे हात धरून गिरवून घेण्यात त्यांची वीस वर्षं गेली होती.

"मलाही नाही," धाकटी मावशी म्हणाली आणि कप दोन्ही हातांनी धरला, कारण एका हाताने तो धरवत नव्हता. मुलांची ताठ झालेली बोटं रोज चोळून चोळून तिच्या स्वतःच्या अंगठ्याने राम म्हटला होता.

"माझी टाच तेवढी," आचारी म्हणाला, आणि सगळ्यांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो घाईघाईने म्हणाला, "टाच छान आहे, असं म्हणतोय."

मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या मानेला पट्टा असायचा. पाहुणे आले की तो टेबलाच्या खणात जायचा. "तुमच्यापैकी कुणाला काही त्रास आहे का? आत्ताच सांगा."

सगळ्यांनी आपापल्या कपात बघितलं. बाहेरून राणीसाहेबांचा आवाज आला. तिचं बोलणं चावून चावून यायचं, शब्दाला शब्द चिकटलेला. शाळेत ते फक्त मावशीला कळायचं. बाकीचे नुसते हसून "हो का?" म्हणायचे.

"काय म्हणतेय ती?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"चहा गार होतोय म्हणतेय," मावशी म्हणाली. आणि खरंच तेवढंच म्हणत होती.

दुपारी राणीसाहेबांना खुर्चीतून चटईवर घेताना मावशीने दात आवळले.

"मावशी, तू कण्हलीस," राणीसाहेब म्हणाल्या.

"मी नाही."

"मग कमर कण्हली."

"कमरेला तोंड असतं का?"

"तुझ्या आहे. रोज बोलते. मी काय बहिरी आहे?"

"गप बस. मान सांभाळ."

तपासणीच्या दिवशी मावशीने सकाळी दोन गोळ्या घेतल्या, पंपावरून आल्यावर आणखी एक, आणि पट्टा काढून पिशवीत ठेवला. पट्ट्याशिवाय शरीर भलतंच सैल वाटत होतं, बिनदाराच्या घरासारखं.

डॉक्टर तरुण होता, नवीन होता, आणि त्याला रबरी हातोडीची हौस होती. वर्गातच टेबल लावलं होतं. मुलं ओळीने बघायला बसली होती. नेहमी त्यांची तपासणी व्हायची आणि मोठी माणसं बघायची. आज उलटं होतं, आणि त्यांना ते फार आवडलं होतं.

डॉक्टरने गुरुजींना उकिडवं बसायला सांगितलं. गुरुजी बसले. "आता उठा." गुरुजी विचारात पडले. "मला खालीच बरं वाटतं," ते म्हणाले. शेवटी त्यांना दोघांनी उठवलं. मोठ्या बाईंना "डावीकडे बघा" म्हटलं, तर त्या अख्ख्याच डावीकडे वळल्या. धाकट्या मावशीला हाताचा पंजा आवळायला सांगितलं, डॉक्टर म्हणाला, "आवळा," ती म्हणाली, "आवळलाय." आचाऱ्याला टाचांवर चालायला सांगितलं तेव्हा तो सरळ दाराबाहेर गेला आणि परत आला नाही. ड्रायव्हरला तपासायची गरजच पडली नाही. तो अजून थोडासा काटकोनातच होता.

मग मावशी. गोळ्यांनी कोटाचे खिसे रिकामे केले होते. ती वाकली आणि दोन्ही तळहात फरशीला टेकवले. डॉक्टर खुर्चीत पुढे सरकला. तिला वाळूचं पोतं उचलायला सांगितलं. तिने ते तान्ह्या मुलासारखं छातीशी धरलं आणि उभी राहिली.

"बास, ठेवा आता," डॉक्टर म्हणाला.

"कुठे ठेवू?" तिने विचारलं.

त्या 'कुठे'ने डॉक्टर खलास झाला. "वयाच्या मानाने कमाल आहे," तो म्हणाला. मुलांनी आरडाओरडा केला. राणीसाहेब मात्र मावशीच्या कमरेकडे बघत होत्या.

मग अध्यक्षांनी विचार केला. विचारात असं निघालं की अनफिट माणसं काढली तर शाळेत एक मावशी आणि बावीस मुलं उरतील. शिवाय या पगारात दुसरं कुणी येत नव्हतं. जाहिरात देऊन बघितली होती. तेव्हा कुणालाच काढलं नाही. उलट अनफिट माणसांसाठी नव्या खुर्च्या आल्या, पाठीला उशी असलेल्या. आणि हुकूम आला, की अनफिट कर्मचाऱ्यांनी यापुढे वजन उचलायचं नाही. उचलायचं काम फिट कर्मचारी करतील. 'करतील' असं लिहिलं होतं, पण फिट कर्मचारी एकच होती.

मावशीने तो हुकूम ऐकला तेव्हा ती एका मुलाची चड्डी बदलत होती. तिने बदलणं पूर्ण केलं.

पहिले काही दिवस सगळे तिच्याशी असे वागले की जणू ती परदेशातून पदक घेऊन आली आहे. गुरुजी खुर्चीतून म्हणायचे, "मावशी, ह्याला जरा माझ्याजवळ आणता का?" आणायची. "जरा लांबच बरा होता." न्यायची. आचाऱ्याने भाताचं पातेलं उतरवायलाही तिलाच हाक मारली. टाचेचा हुकूम पातेल्यालाही लागू होतो, असं त्याचं म्हणणं.

धाकटी मावशी मागेमागे फिरायची. "मी एक बाजू धरते ना. हळूच."

"नको. खिडकीतून मोठ्या बाई बघतायत."

"त्या मान वळवू शकत नाहीत."

"अख्ख्या वळतात की."

धाकटीने ओठ चावला. "तुमचं बाई लोखंडाचं आहे सगळं," ती म्हणाली. मनापासून म्हणाली, म्हणून मावशीला जास्त लागलं.

घरी गवंडी ओट्यावर ताठ बसायला लागला होता. "डॉक्टर म्हणाला कमाल आहे," तो वाटसरूंना सांगायचा. "अख्ख्या शाळेत एकटी पास. पोतं उचललं आणि विचारते, कुठे ठेवू!" काम नसलेल्या माणसाला बायकोची कमरही पुरते. सासूनेही ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशी पंपावर तिसरा कॅन घेऊन आली.

"आई, हात दोनच आहेत."

"मग तंदुरुस्त कशाला म्हणतात तुला?"

तिसरा कॅन तिने काखेत मारून आणला.

सांगून टाकावं असं तिला रोज वाटायचं. पण हिशेब उलटा बसला होता. जे नापास झाले होते ते खुर्चीत बसले होते, त्यांना कुणी हात लावणार नव्हतं. ती पास झाली होती. आता दुखतंय म्हटलं तर पहिला प्रश्न हाच, की मग डॉक्टरसमोर काय केलंत? आजारी माणसाला ठेवून घेतील, खोट्या माणसाला कशाला? आणि ओट्यावर एक माणूस आधीच बसलेला; शेजारी दुसरं येऊन बसलं तर चूल कोण पेटवणार? म्हणून ती सकाळी गोळी घ्यायची, दुपारी गोळी घ्यायची, आणि पोटात जळजळ सुरू झाली की तिला थोडं बरं वाटायचं. निदान दुखणं दुसरीकडे तरी गेलं.

हळूहळू डावा पाय बधिर व्हायला लागला. चप्पल पायात आहे की नाही हे बघून कळायचं. एकदा चप्पल राहिली टेम्पोपाशी आणि ही वर्गात येऊन पोचली. मुलं हसली. तीही हसली.

आणि मग तो मंगळवार. उकाडा असा की खुर्च्यांच्या लोखंडी दांड्यांना हात लावला तर भाजत होतं. जेवणानंतर राणीसाहेबांना संडासाला न्यायचं होतं. मावशीने तिच्या काखांखाली हात घातले, गुडघा तिच्या गुडघ्याला टेकवला, उचललं, वळली. आणि कमरेतल्या त्या जागी कुणीतरी कोटासकट खिळाच उपटला.

आवाज झाला नाही. पाय नुसता निघून गेला. पण अंगाला इतक्या वर्षांची सवय. पडताना तिने राणीसाहेबांचं डोकं स्वतःच्या छातीवर घेतलं आणि भिंतीला पाठ घासत घासत खाली आली. मग भिंत संपली. दोघी ओल्या फरशीवर, एकीवर एक.



"मावशी, आपण पडलो?"

"नाही. बसलोय."

"तू आडवी आहेस."

"आडवं बसलोय."

"लागलं का तुला?"

"तुला लागलं का?"

"मी तुझ्यावर आहे. मऊ आहेस." मग राणीसाहेबांनी श्वास भरून घेतला आणि अशी आरोळी ठोकली की आचाऱ्याच्या हातातलं झाकण पडलं.

सगळे आले. मोठ्या बाई, गुरुजी, धाकटी मावशी, आचारी, ड्रायव्हर. दारात ओळीने उभे राहिले आणि खाली बघू लागले. मोठ्या बाईंना खाली बघता येत नव्हतं, म्हणून त्या समोरच्या भिंतीकडे बघून म्हणाल्या, "काय झालंय?"

"मावशी खाली आहेत," गुरुजींनी सांगितलं.

"मग उचला!"

"आपल्याला उचलायला बंदी आहे, बाई."

"मग ज्यांना नाही त्यांना बोलवा."

"त्याच खाली आहेत."

राणीसाहेब काहीतरी खेकसल्या. सगळ्यांनी सवयीने मावशीकडे बघितलं.

"ती म्हणतेय, चादर आणा," मावशी फरशीवरून म्हणाली. आपला आवाज तिला विहिरीतून आल्यासारखा वाटला. "चादर तिच्याखाली सरकवा. एकेकाने एकेक कोपरा धरा. गुरुजींनी गुडघ्यावर येऊ नये, नाहीतर तेही इथेच राहतील, असं म्हणतेय."

चादर आली. चार कोपऱ्यांना चौघं. मोठ्या बाई मध्ये उभ्या राहून भिंतीला सूचना देत होत्या. धाकटीने कोपरा मनगटाला गुंडाळला, कारण पंजाचा भरवसा नव्हता. ड्रायव्हर आधीच वाकलेला होता, त्याचं काम सोपं झालं. "हं!" म्हटलं आणि राणीसाहेब उचलल्या गेल्या. कुणाचं काही मोडलं नाही. सगळ्यांनी एकमेकांकडे आश्चर्याने बघितलं. खुर्चीत बसल्यावर राणीसाहेबांनी मान कशीबशी सावरली आणि मावशीवर नजर रोखली.

"पण एकदम झालं काय?" मोठ्या बाई म्हणाल्या. "तुम्ही तर तपासणीत…"

"पाय घसरला, बाई. फरशी ओली होती."

राणीसाहेब बोलल्या. मोठ्याने. लांबलचक.

"काय म्हणतेय?"

मावशीने छताकडे बघितलं. छताला पोपडे आले होते. "पाणी मागतेय," ती म्हणाली.

धाकटीने पळत जाऊन पाणी आणलं, पेला ओठाला लावला. राणीसाहेबांनी एक घोट घेतला, तोंडात धरला, आणि सगळा समोर फुर्रकन उडवला. त्या उन्हाळ्यात पाणी कुणी असं उडवत नव्हतं. मग तिने तेच पुन्हा म्हटलं, एकेक शब्द वेगळा काढून, मानेच्या शिरा ताणून. इतरांना तरीही कळलं नाही. पण एवढं कळलं की हे पाणी नव्हे.

"मावशी," मोठ्या बाई या वेळी हळू म्हणाल्या, "काय म्हणतेय ती?"

फरशी गार होती. किती दिवसांत असं सपाट पडायला मिळालं नव्हतं.

"ती म्हणतेय, घसरली नाही," मावशी म्हणाली. "ती म्हणतेय, हिची कमर तपासणीच्या आधीपासून गेलीय. पुष्कळ आधीपासून. मी रोज हिच्या अंगावर असते, मला ऐकू येतं. ती म्हणतेय, हिने डॉक्टरला फसवलं. गोळ्या खाऊन." ती थांबली.

राणीसाहेबांनी अजून दोन शब्द जोडले.

"आणि गाढव आहे म्हणतेय."

 आचारी हसणार होता, पण ड्रायव्हरने त्याच्या टाचेवर पाय दिला.

"म्हणजे आता फिट कोण?" गुरुजींनी विचारलं.

 मोठ्या बाईंनी मानेचा पट्टा सोडला, खाली वाकायचा प्रयत्न केला, जमलं नाही, तेव्हा दाराची चौकट धरून हळूहळू सगळ्या खाली आल्या आणि मावशीच्या उशाशी ओल्यात बसल्या. मग तो पट्टा त्यांनी तिच्या मानेखाली सरकवला.

"कोणीच नाही," त्या म्हणाल्या. "उठता येईल का?"

मावशीच्या तोंडात 'येईल' तयारच होतं. इतकी वर्षं ते तिथेच असायचं. तिने ते गिळलं.

"नाही."

"महिनाभर येऊ नका."

"आणि मग?"

"मग…" मोठ्या बाईंनी चादरीकडे बघितलं. "हिला कोपरे चारच आहेत. आत्ता मध्ये खचत होती. मध्ये धरायला कुणीतरी लागेल. उठायला लागलात की या."

"आणि अध्यक्ष?"

"त्यांना एक कोपरा देऊ."

"बाई, खरंच सांगा."

"खरं म्हणजे त्यांना काय सांगायचं ते मला अजून सुचलेलं नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "पण तुम्हाला काढायचं तर आधी मला काढावं लागेल, आणि मला इथून आत्ता उठताही येत नाहीये."

मग त्याच चादरीत मावशीला घातलं. तिला आजवर कुणी उचललं नव्हतं. फरशी सुटली, आणि सगळ्यांचे चेहरे खालून दिसायला लागले: नाकपुड्या, हनुवट्या, घाम. राणीसाहेब खुर्चीतून सूचना सोडत होत्या, आणि त्या मावशीलाच सांगाव्या लागत होत्या. "डोकं धरा, म्हणतेय. लटकलं की मळमळतं. आणि माझ्याकडे बघून एकमेकांशी बोलू नका. काय ते माझ्याशी बोला, म्हणतेय."

टेम्पोतून तिला घरी आणलं. गवंडी ओट्यावरून उठला आणि हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना. सासूने एकदा सुनेकडे बघितलं, एकदा कॅनकडे, आणि तिन्ही कॅन उचलून पंपाकडे निघून गेली.

संध्याकाळी मावशीला परसाकडे जायचं झालं. तिने दोनदा प्रयत्न केला. खाट करकरली, ती नाही उठली.

"अहो," तिने हाक मारली.

गवंडी आला. विटा उचलायची सवय. त्याने सरळ काखेत हात घालून ओढलं. ती किंचाळली. त्याने हात असे काढले की जणू भाजले.

"असं नाही," श्वास परत आल्यावर ती म्हणाली. "आधी सांगायचं. मग हात लावायचा."

"काय सांगायचं?"

"उचलतोय म्हणून."

"तुला दिसतंय की मी उचलतोय."

"तरी सांगायचं. मग माणसाला तयार होता येतं. एक हात पाठीखाली घ्या. दुसरा गुडघ्यांच्या मागे. गुडघे तुम्ही वाकवा, कंबर नको, नाहीतर उद्या दोघं आडवी. आणि ओढायचं नाही. मी येते तुमच्याकडे."

तो गुडघ्यावर बसला. हात पाठीखाली सरकवला. सिमेंटने फुटलेला हात तिच्या कपड्याला अडकत होता. त्याने इकडेतिकडे बघून घेतलं, कुणी ऐकत नाही ना म्हणून.

"उचलतोय हं," तो म्हणाला.

तिने अंग सोडून दिलं. सगळं, मानेसकट. त्याचे गुडघे हलले, तो थोडा मागे झुकला, सावरला, आणि दारापर्यंत जाऊन थांबला. त्याला दम लागला होता.

"जड आहेस गं," तो म्हणाला.

"आहेच," ती म्हणाली.